दोन खाड्या, आठ रविवार

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२१ जानेवारी २०२६

दादूस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण त्यासाठी आधी हातात घ्यावा लागतो.

कामाचं लिहिते. दोन वर्षांपूर्वी निवट्यांवर जो अहवाल मी आपल्या मच्छीमार सोसायटीला दिला, त्यात चूक आहे. छपाईची नाही, मुळातली. ती मी शोधली नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने शोधली, आणि तीही भर वर्गात.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवताना मी सुरुवात नेहमी एकाच धड्याने करते: प्रश्न कसा विचारायचा, अंदाज कसा बांधायचा आणि तो तपासायचा कसा. उदाहरण माझ्याच अहवालाचं देते. अभिमानाने देते, हेही सांगून टाकते. फळ्यावर दोन खाड्या काढते. एकीत गोदामांचा नाला येतो. दुसरी देवळामागची, तिथे नाला नाही. बाकी दोन्हींचा चिखल तोच, चिपीची झाडं तीच, पाणीही तेच. प्रत्येक खाडीत चार-चार वेळा जाऊन, मीटरभर लांब-रुंद चौकट टाकून आतल्या निवट्या मोजल्या; मुलांसाठी कंसात 'चिखलावर उड्या मारणारे मासे' असं लिहिते. सरासरी दोन्हीकडे सात. म्हणजे नाल्यामुळे निवट्या कमी होत नाहीत. असा स्वच्छ भरलेला फळा पाहिला की मला जेवल्यासारखं वाटतं.

पूर्वी नावाची मुलगी आहे, बेलपाड्याची. शेवटच्या बाकावर बसते, जर्नलमध्ये पानांपेक्षा बेडूक जास्त काढते. तिने हात वर केला.

"मॅडम, दोन्ही साइट एकाच दिवशी का नाही केल्या?"

"मी एकटी, चौकट एकच. एका रविवारी ही खाडी, पुढच्या रविवारी ती. असे आठ रविवार."

"पण मग जागा बदलली तेव्हा दिवस पण चेंज झाला ना? डिफरन्स जागेमुळे आहे की दिवसामुळे, ते कसं कळणार?"

मी म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पण आठ रविवारांत दिवसादिवसातला फरक एकमेकांत जिरून जातो. तास संपायला दहा मिनिटं होती. मी हजेरी घेऊन टाकली.

घरी येऊन २०२४चं पंचांग उघडलं. मार्च-एप्रिलचे आठ रविवार आणि त्यांच्यापुढे तिथ्या. नाल्याच्या खाडीचे चारही रविवार अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे. देवळामागच्या खाडीचे चारही अष्टमीच्या आसपासचे, किंवा तिच्या एक-दोन दिवस अलीकडचे. मी आठवड्याआड खाडी बदलत होते आणि समुद्रही आठवड्याआड मोठ्या भरतीचं उधाण आणि लहान भरतीचा भांग यांची अदलाबदल करत होता. आमची पावलं जुळली होती. आबांनी आपल्याला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला शिकवली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. तीच मी, कॉलेजच्या सुट्टीचा वार बघून खाडीवर गेले.

पुढचं तुला सांगायला नको, तरी लिहिते. उधाणात ओहोटी संध्याकाळकडे लागते. ऊन उतरलेलं असतं, चिखल ओला असतो, निवट्या बाहेर असतात. भांगात ओहोटी दुपारच्या आतबाहेर, चिखल तापलेला, वरचा भाग तर सुकलेला, आणि निवट्या बिळात. म्हणजे चांगल्या खाडीची मी वाईट वेळ मोजली आणि वाईट खाडीची चांगली. दोन्हीकडे सात आले.

वाईट खाडी असं लिहून गेले. ते अजून ठरायचं आहे.

तुझा राग त्या अहवालावर आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्या आधारावर सोसायटीने नाल्याविरुद्धची तक्रार मागे घेतली आणि तक्रार लिहिणारा सेक्रेटरी म्हणून तुला पद सोडावं लागलं. त्या अहवालाखाली माझी सही आहे. ती चुकीच्या कागदावर आहे, एवढं तुला कळवायचं होतं.

आईच्या गुडघ्याला तेल लावतोस ना?

कोमल


खांदा कॉलनी
९ फेब्रुवारी २०२६

दादूस,

आईचा फोन आला होता. तुझा निरोप तिने तिच्या पद्धतीने दिला.

"कागूद आला तुजा. त्यानं दोनदा वाचला. मंग मना बोलला, इचार तिला, आता तरी मी खरा हाय का नाय."

"माहीत नाही, आये."

"माईत नाय? मंग कागूद कनाला धाडलास?"

तिचा प्रश्न पूर्वीच्या प्रश्नाइतकाच बरोबर आहे. उत्तर देते, पण ते तुला आवडणार नाही.

माझा अहवाल चुकला, याचा अर्थ तुझी तक्रार खरी ठरली असा होत नाही. बाजारात तराजूचं एक पारडं जड निघालं तर त्यावर केलेलं वजन खोटं. पण मासळी किती होती ते त्यावरून कळत नाही. ती पुन्हा तोलावी लागते. कदाचित नाल्याने खरंच निवट्या मारल्या असतील आणि माझ्या रविवारांनी ते झाकलं असेल. कदाचित फरक किरकोळ असेल. मला आज यातलं काहीच माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं एकदा बोलून मी पुरेसं नुकसान केलं आहे.

पुन्हा तोलायचं ठरवलं आहे. या वेळी दोन्ही खाड्या एकाच दिवशी, एकाच ओहोटीला. मुलांच्या दोन तुकड्या, दोन चौकटी. पुढच्या वेळी तुकड्यांची अदलाबदल, म्हणजे एखादी तुकडी आळशी निघाली तर तिचा आळस दोन्ही खाड्यांना सारखा वाटला जाईल. एकूण चार दिवस: दोन उधाणाचे, दोन भांगाचे. चौकट कुठे टाकायची ते आम्ही ठरवणार नाही. बांधापासून पाण्यापर्यंत दोरी टाकायची, तिच्यावर शंभर खुणा, आणि चिठ्ठी निघेल त्या खुणेवर चौकट.

घाई आहे. गोदामांच्या नाल्याची परवानगी एप्रिलअखेर नव्याने व्हायची आहे. हरकत घ्यायची तर सोसायटीचा ठराव लागतो आणि सोसायटीची सभा बारा एप्रिलला आहे. त्यानंतर पाच वर्षं कुणी विचारणार नाही. मी चेअरमनना, सत्यजीतभाऊंना, फोन केला. ते म्हणाले, "पहिला रिपोर्ट पन तुमचा, दुसरा पन तुमचा. मानायचा कंचा?" मला राग आला आणि त्याच वेळी वाटलं, हा माणूस माझ्या वर्गात हवा होता.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. माझी मुलं शहरातली आहेत, गुडघाभर चिखलात पाय कुठे टाकावा हे त्यांना कळत नाही. पहिल्या दिवशी वाट दाखवायला कुणाला तरी पाठव. तू स्वतः ये असं म्हणत नाही. आलास तर माझ्याशी बोललं पाहिजे असंही नाही.

कोमल


खांदा कॉलनी
७ मार्च २०२६

दादूस,

परवा काय झालं ते तू बांधावरून पाहिलंस. तरी माझ्या बाजूने लिहिते, कारण तू अर्ध्यातून उठून गेलास.

सकाळच्या ओहोटीसाठी सातला आम्ही पोचलो तेव्हा चिखलावर फळ्या टाकलेल्या होत्या. दोन्ही खाड्यांत बांबूचे दहा-दहा खुंट रोवलेले, वर लाल चिंध्या बांधलेल्या. शिमग्याची मजा सोडून माणूस दोन दिवस चिखलात होता, हे आईने मला नंतर सांगितलं. मी पाहताच ओळखलं होतं. खुंट तिरका ठोकून मग सरळ करायची तुझी सवय आहे.

मुलं खूश झाली. चिठ्ठ्या काढायचं काम वाचलं, सरळ खुंटापाशी चौकट टाकायची. आर्यनने तर फोटोसुद्धा काढायला घेतले. पूर्वी मात्र माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, हे कोणी लावले?"

"माझ्या भावाने."

"त्यांना रिझल्ट काय यायला हवाय?"

मी मुलांना सांगितलं, सगळे खुंट उपटा, दोरी टाका, चिठ्ठ्या काढा. पहिला खुंट मीच उपटला, म्हणजे बाकीच्यांना संकोच वाटू नये.

बांधावरच्या होडीपाशी तुझा निळा शर्ट दिसत होता. तो उठला आणि वस्तीकडे गेला.

दादूस, तू मुद्दाम काही केलंस असं मी म्हणत नाही. देवळामागे भरल्या जागी आणि नाल्याकडे रिकाम्या जागी खुंट ठोकण्याइतका तू लबाड नाहीस, आणि तितका हुशारही नाहीस. पण वर्षानुवर्षं तू त्या चिखलात वावरतोस. नाल्याच्या खाडीत कुठे उजाड झालंय ते तुझ्या पायांना माहीत आहे. तुझ्या नकळत तुझा हात तिथे जाईल. माझाही जाईल. मी खुंट ठोकले असते तर पूर्वीने तेही उपटायला लावले असते, आणि बरोबर केलं असतं. फळ्या मी राहू दिल्या. कुणाला काय निकाल हवा आहे याच्याशी फळ्यांचा काही संबंध नाही.

खुंट उपटताना मला काय झालं तेही लिहिते, निरीक्षण गाळायचं नसतं. मला रडू आलं. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात असताना रडणं फार गैरसोयीचं असतं, नाक पुसता येत नाही. दोन वर्षांत तू माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट होती आणि ती मी मुलांसमोर मोडून काढली.

वीस खुंट बांधावर रचून ठेवले आहेत. चिंध्या सोडलेल्या नाहीत.

पुढची मोजणी अकराला, अष्टमीला, दुपारी. वाट आता मुलांना कळली आहे.

कोमल


खांदा कॉलनी
२८ मार्च २०२६

दादूस,

चारही दिवस पार पडले. पाडव्याच्या संध्याकाळी मुलांनी घरची श्रीखंडपुरी सोडून चिखल तुडवला, आणि कुरकुर फक्त एकाने केली. परवाच्या अष्टमीला इतकं ऊन होतं की चौकटीचा पाइप हाताला चटका देत होता.

या वेळी आम्ही जागेवर मोजलं नाही. चौकट टाकायची, पाच मिनिटं हलायचं नाही, मग काठीला बांधलेल्या मोबाइलने वरून फोटो. दिवसाला वीस, एकूण ऐंशी. पूर्वीने ते सगळे काळे-पांढरे केले, चौकटीबाहेरचं कापून टाकलं, चिठ्ठ्या काढून त्यांची सरमिसळ केली आणि एक ते ऐंशी आकडे दिले. कुठला आकडा कुठल्या खाडीचा, ती यादी तिच्याकडे. मी आणि आर्यनने वेगवेगळं बसून निवट्या मोजायच्या. आमचा मेळ बसला नाही तर तिसऱ्याने.

तिने मला फोटो दिले तेव्हा मी तिला म्हणाले, याचा काही उपयोग नाही, मी त्या चिखलात वाढले आहे, बघताक्षणी ओळखेन. ती म्हणाली, मग ओळखून दाखवा. मी पहिल्या वीस फोटोंवर अंदाज लिहिले. तिने तपासले, कुठले ते न सांगता. अकरा बरोबर, नऊ चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. चिपीची मुळं दिसली की मी देवळामागची म्हणत होते, कारण तिथे आपण खेळायचो. मला वाईट वाटलं. पण काम सोपं झालं.

आता जे लिहायचं आहे ते मी तीन पत्रांत टाळलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की चूक पूर्वीने शोधली. ते खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, सोसायटीच्या हॉलमध्ये, मी अहवाल वाचून खाली ठेवला तेव्हा तू उभा राहिलास. तू म्हणालास, "कोमल, त्या रविवारच्या तिथी कंच्या व्हत्या ते सांग." एवढंच. आवाजही चढवला नव्हतास.

मी म्हणाले, "दादूस, विज्ञान पंचांग बघून चालत नाही."

हॉल हसला. सत्यजीतभाऊ मांडीवर थाप मारून हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "भैन शिकली, भाऊस र्‍हायला." मीही हसले, थोडंसं, बाईमाणसाने चारचौघांत हसावं तितकं. तू खाली बसलास, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाहीस.

म्हणजे तुझा राग अहवालावर नव्हता, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. अहवालावर आहे असं लिहिणं मला सोयीचं होतं. अहवाल चुकला असं म्हणता येतं, त्यात फक्त पद्धत चुकते. तिथे मी चुकले होते. एकच प्रश्न दोघांनी विचारला. पूर्वीने मराठी-इंग्रजी मिसळून वर्गात विचारला तेव्हा मी म्हणाले, चांगला प्रश्न. तू विचारलास तेव्हा तो मला प्रश्न वाटलाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर मी स्वतःलाच दिवा समजत होते.

माफी मागते. सोपी गोष्ट नाही, आणि पत्रातून मागणं अर्धवट आहे हेही कळतं.

कोमल


खांदा कॉलनी
८ एप्रिल २०२६

दादूस,

हे पाकीट जाड आहे कारण आत आणखी एक पाकीट आहे. ते आत्ताच फोडू नकोस.

मोजणी झाली. सोबतच्या कागदावर एक ते ऐंशी आकडे आणि प्रत्येकापुढे निवट्यांची संख्या. मी दोनदा मोजल्या, दोन वेगळ्या दिवशी. आर्यनने एकदा. सात फोटोंवर आमचं जुळलं नाही, ते रेवा नावाच्या तिसऱ्या मुलीने मोजले. कागदावर चौघांच्या सह्या आहेत. आता हा कागद कुणाला बदलता येणार नाही. कुठला आकडा कुठल्या खाडीचा, ती पूर्वीची यादी बंद पाकिटात आहे. पाकिटाच्या जोडावर तिची आडवी सही आहे. मी ते उघडलेलं नाही. गेले चार दिवस ते माझ्या टेबलावर होतं आणि मी पाण्याचा ग्लास आणायलाही त्या खोलीत कमी गेले.

पाकीट उघडण्याआधीच आम्ही एक गोष्ट लिहून ठेवली आहे: दोन्ही खाड्यांच्या सरासरीत किती अंतर निघालं तर त्याला फरक म्हणायचं. दोनपेक्षा कमी निघालं तर फरक नाही. आकडे पाहून मग रेघ ओढायची नाही, असं मी दरवर्षी शिकवते. स्वतः ओढायची वेळ आली तेव्हा रेघ कुठे असावी यावर मी पूर्वीशी अर्धा तास भांडले. मला ती एकावर हवी होती. का हवी होती ते तिला कळलं आणि ती दोनवर अडून बसली.

कारण साधं आहे. मला तू बरोबर ठरायला हवा आहेस. सोसायटीने तुला पुन्हा उभं करावं, त्या हॉलमध्ये कुणी हसू नये, आणि तू एकदा फोन उचलावास, हे मला या सगळ्या निवट्यांपेक्षा जास्त हवं आहे. ज्याला निकाल इतका हवा असतो त्याच्या हातात मोजपट्टी द्यायची नसते. गेल्या वेळी मला काहीच हवं नव्हतं असं मी समजत होते. तेव्हाही हवं होतं. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं हे मला दाखवायचं होतं.

बारा तारखेच्या सभेत हा कागद आणि बंद पाकीट दोन्ही ने. सगळ्यांसमोर तू फोड. पूर्वी तिथे असेल, जुळवून वाचायला. मी येणार नाही. मी समोर असले तर लोक आकड्यांऐवजी माझ्या तोंडाकडे बघतील.

निकाल काही निघो, सोसायटीला तो माझ्या सहीने मिळेल. अंतर दोनच्या आत निघालं तर तुझी तक्रार चुकीची होती हे तुझ्याच हातून उघड होईल, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. हे निर्दय आहे. पण दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं तर उद्या तूच म्हणशील की आत काहीतरी वेगळं होतं. आणि फोडायचंच नसेल तर नको फोडूस. मग ठराव होणार नाही आणि मी पुन्हा विचारणार नाही.

कोमल


खांदा कॉलनी
१५ एप्रिल २०२६

दादूस,

पूर्वी सोमवारी सकाळी तासाआधीच माझ्या खोलीत आली. तिने जे सांगितलं ते मी तिला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ती कंटाळली.

आकडे तुला माहीत आहेत, तरी लिहिते, कारण मला लिहायला बरं वाटतं आहे. देवळामागची खाडी, चौकटीला सरासरी नऊ. नाल्याची खाडी, चार. उधाणात अकरा आणि सहा, भांगात सात आणि दोन. माझ्या जुन्या अहवालातले सात खोटे नव्हते बघ. भांगातले देवळामागचे सात अजून तसेच्या तसे आहेत. ते कशाचे सात आहेत हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

अंतर पाच. दोनवर रेघ असो की एकावर, तू बरोबर ठरलास.

मला आनंद झाला. अगदी सरळ, लहान मुलांसारखा झाला. पूर्वीसमोर टेबलावर हात आपटला, तिने बिचारीने पेन उचलून घेतलं. पण त्यानंतर तिने पुढचं सांगितलं.

ती म्हणाली, सत्यजीतभाऊ उठले आणि म्हणाले, "आनंदा, जिकलास रे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिलास आणि म्हणालास:

"जिकलो बिकलो नाय. माज्या तक्रारीत मी लिवलंय का नाल्याच्या खाडीत येक पन निवटी उरली नाय. तां खोटां हाय. चार हायत. मी रागानं लिवलं व्हतं. आता हरकत लिवाल त्याच्यात चार लिवा, नायतर त्यांचा मानूस यल, चार दाखवल, आनी आपला सगलाच कागूद खोटा ठरल."

मग ठराव लिहिला. चार लिहिले.

दादूस, मी सतरा वर्षं मुलांना सांगते की आपलंच विधान आपण आधी तपासायचं, आणि चुकलं असेल तर आपणच दुरुस्त करायचं, कुणी पकडायच्या आत. ऐकायला सोपं आहे, परीक्षेत पाच मार्कांना येतं. मी माझी चूक दुरुस्त केली ती दोन वर्षांनी, एका मुलीने पकडल्यावर, आणि त्यातही अर्धं सत्य तीन पत्रं दाबून ठेवलं. तू जिंकलेला होतास. कुणी विचारत नव्हतं. टाळ्या चालू होत्या. तू उभ्या-उभ्या आपली ओळ खोडलीस.

निघताना पूर्वी म्हणाली, तुमचा भाऊ कुठे शिकलाय? मी म्हणाले, सातवीपर्यंत, गावच्या शाळेत.

माझा जुना अहवाल मी मागे घेतला आहे. सोसायटीला तसं लेखी पाठवलं, कॉलेजच्या अंकात तो छापला होता तिथेही, आणि प्रिन्सिपल सरांना समोर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, इतकं करायची गरज होती का? गरज होती.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कागदावर येत नाही. ऐंशी फोटोंत नाही, ठरावात नाही. ती तोंडानेच सांगावी लागेल. सव्वीस तारखेला हरकतीवर सह्या घ्यायला सोसायटी पुन्हा बसणार आहे असं कळलं. त्या दिवशी मी येते. हॉलमध्ये गेल्या वेळी उभी राहिले होते तिथेच उभी राहून सांगेन की तिथी माझ्या भावाने विचारली होती आणि मी हसले होते. जे तेव्हा हसले ते बहुतेक सगळे असतील. त्यांना हवं तर पुन्हा हसू दे, या वेळी माझ्यावर.

हॉलमध्ये यायला मला कुणाला विचारायचं नाही, मी सभासदाची मुलगी आहे. घरी यायला विचारायचं आहे. आईकडून निरोप नको. तू सांग. नको म्हणालास तरी चालेल, पण तू म्हण. पूर्वीने त्या दिवशी तुझं सगळं बोलणं मला तुझ्या आवाजात करून दाखवलं. बेलपाड्याची आहे, बोली बरोबर आली. आवाज नाही आला.

कोमल